शुक्राणुनाशक गोळीवर किती विसंबावे?

प्रश्न : माझे वय 27 असून मुलगी 8 महिन्यांची आहे. ती अजून अंगावर पिते, म्हणून हार्मोनच्या गोळ्या नकोशा वाटतात आणि तांबीची धास्ती वाटते. 2 महिन्यांपासून आम्ही संबंधाआधी योनीमार्गात ठेवायची गोळी वापरतो. नंतर आग होते, म्हणून मी लगेच आतून धुऊन टाकते. पाळी अजून सुरू झालेली नाही. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर : ‘लगेच आतून धुऊन टाकते’ हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. या गोळीतले नोनॉक्सिनॉल-9 हे औषध साबणासारखे काम करते आणि शुक्राणूचे आवरण फोडून त्याला निकामी करते. ते धुऊन काढले की संरक्षणही जाते, म्हणून संबंधानंतर निदान 6 तास आतून पाणी घेऊ नये. बाहेरून धुण्यास हरकत नाही. गोळी बोटाने गर्भाशयाच्या मुखाजवळ, जमेल तितकी खोल सरकवावी, विरघळण्यासाठी सुमारे 10 मिनिटे थांबावे आणि प्रत्येक संबंधाला नवी गोळी घ्यावी.

एवढे सांभाळूनही केवळ या गोळीवर विसंबावे, असे मी म्हणणार नाही. नेहमीच्या वापरात वर्षभरात 100 पैकी 20 हून अधिक स्त्रियांना दिवस जातात. तांबीच्या बाबतीत हे प्रमाण 1 हूनही कमी आहे. शिवाय तुम्हाला होणारी आग हे नाजूक त्वचा दुखावल्याचे लक्षण असू शकते. हे औषध वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीच्या लागणीचा धोका वाढल्याचे आढळले आहे आणि गुप्तरोगांपासून ते संरक्षण देत नाही. त्यामुळे ही गोळी थांबवा.

तूर्त यजमानांनी निरोध वापरावा, मात्र त्याला शुक्राणुनाशक लावलेले नसावे. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’ ही गोळी हार्मोनची नाही आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही चालते. पहिले 3 महिने आठवड्यातून 2 वेळा, पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती तुम्हाला मानवेल का, हे डॉक्टरांना तपासून ठरवू द्या. त्याच भेटीत तांबीची नेमकी कसली धास्ती वाटते, तेही संकोच न करता विचारा.

पाळी सुरू होण्याआधीही दिवस राहू शकतात, म्हणून आधी लघवीची तपासणी करून घ्या. ती ‘नाही’ आली तरी शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 3 आठवड्यांनी पुन्हा करा.