ग्रामसभेत होकार, पानठेल्यावर संशय

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाची सरपंच आहे. ग्रामसभेत सारे माना डोलावतात. नंतर मात्र पानठेल्यावर नळयोजनेच्या खर्चाविषयी शंका घेतात. लोकांचा विश्वास कसा मिळवावा?

उत्तर : ताई, ग्रामसभेतील शांतता म्हणजे संमती नव्हे, ज्यांची मजुरी, उधारी किंवा घरकुलाचा अर्ज समोर बसलेल्या कुणाच्या तरी हाती असतो, ते चारचौघांत सहसा तोंड उघडत नाहीत. म्हणून ठरावाआधी ऐकण्याची जागा वेगळी हवी. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने नेमके हेच केले : तेथे अभ्यासगटात विषयाची सांगोपांग चर्चा होते, ग्रामसभेत बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय होतो, आणि एकमत होईपर्यंत विषय पुढे ढकलला जातो. याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. ही पद्धत वेळखाऊ आहे, हे खरे. पण सरपंचांची घाई हेच बहुधा संशयाचे मूळ असते.

आपण वस्तीवस्तीत, विशेषतः स्त्रियांसाठी आधी महिला सभा घेऊन, प्रश्न विचारावा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. खर्चाचा तपशील ‘अंदाजपत्रक’, ‘मूल्यांकन’ अशा कार्यालयीन शब्दांत न वाचता पाइप किती मीटर, दर काय, देयक कुणाला दिले, असा फलकावर लिहावा. जे अजून ठाऊक नाही, तेही तसेच सांगावे आणि उत्तराची तारीख द्यावी. पानठेल्यावरची शंका कुणाची, याचा शोध मात्र घेऊ नये.