लाकडी रोलर कोस्टर दुरुस्त करून चालवता येत नाही का? काढायचीच कशाला?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपात दोन तट पडलेत. ओहायोमधल्या सीडर पॉइंट पार्कने मीन स्ट्रीक ही लाकडी कोस्टर 2016 ला बंद केली आणि 2018 ला त्याच जागी स्टील व्हेंजन्स आणली. हे बरोबर की चूक, जुनीच नीट दुरुस्त का केली नाही, आणि हे सगळं फक्त पैशासाठी चालतं का, असे तुमचे प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: बरोबर केलं. "पैशासाठी जुनी राईड मारली" हे आपल्याकडच्या राईडवेड्यांकडून फार ऐकलंय. ते बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना लाकडी ट्रॅक आतून कसा असतो हेच माहीत नसतं.

मुळात मीन स्ट्रीक भुईसपाट झालेली नाही. तिच्या लाकडी सांगाड्याचा मोठा भाग आजही तिथेच उभा आहे. गेला तो ट्रॅक, आणि लाकडी कोस्टरमध्ये ट्रॅक हाच झिजणारा भाग असतो.

साधारण दीड इंची फळ्या एकावर एक ठेवून सात-आठ थरांचा रूळ करतात. लाकूड बहुधा सदर्न यलो पाइन. वरचे दोन थर खालच्यांपेक्षा रुंद ठेवतात, म्हणजे त्यांची कड बाहेर येते आणि त्या कडेखालून अपस्टॉप चाक धावतं. टेकडीच्या माथ्यावर गाडी उडून जात नाही ती याच चाकामुळे. अमेरिकन कोस्टर डिझायनर जॉन मिलरने 1919 मध्ये याचं पेटंट घेतलं. सगळ्यात वर, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तशी, पोलादी पट्टी स्क्रूने बसवलेली असते. गाडी लाकडावर नाही, त्या पट्टीवर चालते.

आता बिघडतं कुठे? उताराच्या तळाशी गाडीचं वजन तिपटीच्याही वर भासतं, आणि ते सगळं चाकाखालच्या जेमतेम बोटभर जागेतून पट्टीवर येतं. पट्टीखालचं लाकूड चेपतं. चेपलं की पट्टी सैल, खिळे वर, आणि तिथे खड्डा. पुढच्या प्रत्येक फेरीत चाक त्या खड्ड्यात आपटतं आणि तो दोन-चार फूट पुढे सरकतो. वळणांवर दुसरंच दुखणं असतं. तिथे दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, हळूहळू वाढतं आणि गाडी डावी-उजवीकडे ठोकर खात जाते. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, बोल्ट ढिले पडतात. म्हणून लाकडी कोस्टरवर रोज सकाळी माणसं हातोडा-पाना घेऊन पूर्ण ट्रॅक चालून जातात.

दुरुस्ती होते, दर हिवाळ्यात होते. पट्टी काढायची, खिळे उपसायचे, खराब थर कापून काढायचे, नव्या फळ्या वाकवून बसवायच्या. थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आरपार बोल्ट घालायचे, गेजच्या पट्टीने जागोजागी अंतर तपासायचं, आणि मग माणसांऐवजी वजन भरलेली गाडी फिरवून बघायची. अडचण अशी की आज हा तुकडा बदलला की धक्का नव्या-जुन्याच्या सांध्यावर जाऊन बसतो. नवा भाग ताठ, जुना दबलेला. पुढच्या वर्षी तो सांधा बदला, की धक्का आणखी पुढे.

"मग न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची सायक्लोन ही लाकडी कोस्टर 1927 पासून कशी चालते?" हा प्रश्न प्रत्येक वादात येतो. ती 85 फुटी आहे म्हणून चालते. मीन स्ट्रीक 161 फुटी होती. उंची जवळपास दुप्पट, म्हणजे तळाशी येताना गाडीत साठलेली ऊर्जाही जवळपास दुप्पट. लाकूड मात्र तेच. 1990 च्या आसपास अमेरिकेत उंच लाकडी कोस्टर बांधायची चढाओढ लागली होती, त्यातलीच ही एक. पुढे झीज कमी व्हावी म्हणून तिच्या पहिल्याच उतारावर ब्रेक लावले. पहिल्या उतारावर ब्रेक म्हणजे राईडचा जीवच काढून घेतला! लोकांना आठवते ती ही आवृत्ती नव्हे, त्याआधीची.

स्टील व्हेंजन्स करणाऱ्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन कंपनीने जे केलं ते असं. लाकडी थर काढून टाकले आणि त्या जागी प्लेटा जोडून बनवलेला पोलादी रूळ बसवला, आय-बॉक्स म्हणतात त्याला. हा रूळ कारखान्यातच हवा तसा पिळून आणता येतो. लाकडाचे थर आडवे फार वाकत नाहीत, त्यामुळे लाकडात जे वळण जमतच नाही ते इथे जमतं. चाकंही पॉलियुरेथेनची. परिणाम: 205 फूट उंची, 90 अंशांचा उतार, ताशी 119 किमी, चार उलट्या (म्हणजे गाडी डोकं खाली होऊन फिरते त्या जागा). याच कंपनीने टेक्सास जायंट या लाकडी कोस्टरवर हे आधी केलं होतं. ती 1990 ची, 2009 ला बंद झाली आणि 2011 ला नव्या ट्रॅकवर सुरू झाली.

पण खरा वाद इथे नाहीच. ट्रॅक बदलला म्हणजे राईड मेली, असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्सची नेमेसिस बघावी. झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधकामाला परवानगी नव्हती, म्हणून खडक फोडून खड्ड्यात बसवलेली ही 1994 ची कोस्टर. नोव्हेंबर 2022 ला बंद केली, मूळ कंपनी बी अँड एमकडूनच जवळपास सगळा ट्रॅक आणि खांब नव्याने करून घेतले, आणि मार्च 2024 ला तीच वळणं घेऊन ती पुन्हा धावायला लागली. माझ्या मते ती अजूनही नेमेसिसच आहे. राईडची ओळख तिच्या वळणांत असते, लोखंडात नाही. आणि म्हणूनच मीन स्ट्रीकचं नाव बदललं हेही योग्यच झालं, कारण वळणं बदलली होती.

दुसऱ्या तटालाही सांगायला हवं: स्टील म्हणजे कायमचं नव्हे. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमधली फ्युरी 325 ही 2015 ची स्टील कोस्टर. जून 2023 मध्ये तिच्या एका खांबाला आरपार भेग गेलेली पार्कात आलेल्या माणसाला दिसली. पोलाद झिजण्याआधी थकतं. भेग वेल्डच्या कडेला सुरू होते, रंगाखाली लपते. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांत कास्टिंग आणि वेल्डमधली भेग शोधायला जी डीपी (रंगीत द्रव लावून) आणि मॅग्नेटिक टेस्ट करतात, तीच इथे लागते, आणि त्यासाठी आधी रंग काढावा लागतो. नुसता नवा रंग मारलेली राईड बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैशाचं म्हणाल तर तो भाग आहेच, नवी राईड जाहिरातीत चालते. आणि सगळीकडे ट्रॅक बदलून भागत नाही. पाया किंवा सांगाड्याचं लाकूड आतून कुजलं असेल, तर वर कितीही चांगला रूळ घाला, उपयोग नाही. पार्कवाल्यांचं चुकतं ते दुसरीकडे: न सांगता बंद करतात. अमेरिकेतली किंगडा का ही कोस्टर 10 नोव्हेंबर 2024 ला शेवटची धावली आणि घोषणा झाली त्यानंतर. लोकांना शेवटची फेरीसुद्धा मिळाली नाही. तिथे रागावलेल्यांच्या बाजूने मी आहे.

तुमच्या ग्रुपला एक सांगतो. खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधली नायट्रो ही स्टील कोस्टर 2013 पासून चालू आहे आणि तीही बी अँड एमचीच. कोकणातला पाऊस बघता खांबांच्या बेसप्लेटखाली, फ्लँजच्या सांध्यांत आणि वेल्डच्या कडांना गंज आधी धरणार. तिची पाळी आली की "काढू नका" म्हणून ओरडू नका. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: बंद होण्याची तारीख आधी जाहीर करा, ट्रॅक मूळ ड्रॉइंगवरूनच करून घ्या, आणि पाचही उलट्या त्याच क्रमाने ठेवा.