शिष्य गॅरेजातच आहे हो

पत्र असं आलंय: "ताई, मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) मी दर गुरुवारी शिष्यत्वाचा वर्ग घेतो, बारा आठवड्यांचा. सुरुवातीला अठरा जण होते, आता तीन. नोट्स देतो, ग्रुपवर रोज बायबलचं वचन टाकतो, गॅरेज लवकर बंद करतो, धंदा बुडतो ते वेगळंच. कामाला मंडळीतलाच एक पोरगा आहे, तो परवा विचारत होता की जुनेच ब्रेक शू घासून बसवले तर बिलात नवे का लावायचे, म्हटलं हे आपण गुरुवारी वर्गात बोलू, तर तोही आला नाही. लोकांना वचनाची भूकच राहिली नाही का? - एक गॅरेजवाला, नगर"

भाऊ, भूक आहे की! हातात पाना घेऊन तुमच्यासमोर उभी होती आणि तुम्ही तिला गुरुवारची तारीख दिलीत.

अठराचे तीन झाले त्याचं मला खरं सांगू का, फार काही वाटलं नाही. माझं डोकं अडकलं ते ब्रेक शूवर. (आणि ब्रेक हो! निदान आरशाच्या बिलात तरी मारायचे पैसे.) तो पोरगा सकाळी शटर उघडल्यापासून तुमच्यासोबत असतो, गिऱ्हाइकाशी कसं बोलता, घरून फोन आला की आवाज कसा होतो, बिल कसं बनवता, सगळं बघतो. म्हणजे त्याचा वर्ग रोज चालूच आहे आणि त्यात तो काय शिकतोय हे तुम्हाला पक्कं माहितीय, म्हणून तर उत्तर टाळलंत.

बायबलात मार्क 3:14 काढा. येशूने बारा जण नेमले ते आधी त्याच्याबरोबर असावेत म्हणून, उपदेशाला पाठवणं त्याच्यानंतर येतं. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे राहिला, का, तर धंदा एकच, तंबू बनवायचा, आणि सोबत कामही केलं. तोच अक्विल्ला, तीच प्रिस्किल्ला पुढे इफिसात अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग नीट समजावतात. तंबू शिवताना काय बोलणं व्हायचं ते कुठे लिहिलेलं नाही, पण पौल फाटकं कापड नवं म्हणून खपवत असता तर पुढचं काही झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

तर या गुरुवारी वर्ग घेऊ नका. ग्रुपवर टाका, सुट्टी. शटर अर्धं ओढा, पोराला शेजारी बसवा, बिलबुक उघडा आणि त्याला सरळ सांगा, तू बरोबर विचारलंस, मी चुकीचं करत होतो. मग दोघांनी मिळून एकेक बिल शोधा आणि पैसे परत करा. बायबलातला जकातदार जक्कय ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट द्यायला तयार झाला होता, तुम्ही घेतले तेवढे तरी द्या.

आणि ज्या गाड्यांच्या मालकांची नावं आत्ता आठवतायत त्यांना गुरुवारपर्यंत थांबवू नका, उद्या सकाळीच फोन करून बोलवा आणि नवे शू बसवून द्या, त्या गाड्या रस्त्यावर फिरतायत.