पाया खणला म्हणजे परवानगी टिकली का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात नगरपरिषद हद्दीत माझा तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. घराची बांधकाम परवानगी १४ जून २०२२ ला मिळाली. खड्डे काढून फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) भरलं आणि आईच्या आजारपणामुळे काम थांबलं. २०२३ मध्ये एकदा नूतनीकरण केलं, पुढे राहून गेलं. आता, ऑगस्ट २०२५ मध्ये, पुन्हा काम काढायचं आहे. ठेकेदार म्हणतो, काम सुरू झालेलं आहे, परवानगीला धक्का नाही. शेजारी म्हणतात, ती केव्हाच संपली.

उत्तर : ठेकेदाराच्या भरवशावर सेंट्रिंग लावू नका. साइटवर कुदळ पडली की काम सुरू, असं तो धरतो. कायद्यात तसं नाही. राज्याच्या बांधकामविषयक एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार इमारतीचं काम सुरू झालं असं म्हणायला ते जोत्यापर्यंत, म्हणजे तळमजल्याच्या फरशीच्या पातळीपर्यंत (प्लिंथ), यावं लागतं. इमारतीच्या रचनेतच जोतं नसेल तर स्टिल्टच्या (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याच्या) किंवा तळघराच्या वरच्या पातळीपर्यंत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत खड्ड्यांत पावसाचं पाणी आहे, कॉलमच्या गंजलेल्या सळया वर आल्या आहेत. जोतं कुठेच नाही. मुदतीत ते झालं असतं, तर ठेकेदाराचं म्हणणं खरं ठरलं असतं : मग घर पूर्ण होईपर्यंत नूतनीकरणाची गरजच उरत नाही.

आता शेजाऱ्यांचं. परवानगी एका वर्षाची असते. दरवर्षी नूतनीकरण, असं तीनदा; म्हणजे एकूण चार वर्षं. तुमची पहिली मुदतवाढ जून २०२४ ला संपली. २०२४ आणि २०२५ ची दोन नूतनीकरणं राहिली, म्हणून आज तुमच्या हातात चालू परवानगी नाही. या अवस्थेत ओतलेलं काँक्रीट विनापरवाना ठरू शकतं आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढून टाकण्याची, नोटीस यायला एक तक्रार पुरते. पण चार वर्षं अजून भरलेली नाहीत. नूतनीकरणाच्या अर्जाला झालेला उशीर शुल्क घेऊन माफ करण्याचा अधिकार नियमावलीनं नगरपरिषदेला दिला आहे.

नगरपरिषदेचा अधिकार म्हटलं, तुमचा हक्क नव्हे. त्याच १९६६ च्या अधिनियमाचं कलम ४८ मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करायला सांगतं, आणि नियमावलीपेक्षा अधिनियम वरचढ. एखादा अधिकारी तिथेच बोट ठेवू शकतो. म्हणून विलंबमाफी नूतनीकरणाच्या अर्जातच मागा, आईच्या उपचारांची कागदपत्रं जोडा आणि तुमच्या आर्किटेक्टमार्फत याच आठवड्यात दाखल करा. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ यावर थांबू नका. आवक क्रमांकाची पोच हवी.

नूतनीकरण मिळालं तरी ते जून २०२६ पर्यंतच. अधिनियम परवानगी हाती पडल्यापासून मुदत मोजतो, नियमावली पत्रावरच्या तारखेपासून. तुम्ही आधीची तारीख धरा. तोवर जोतं पूर्ण झालंच पाहिजे, आणि त्याच्या तपासणीचा कागदही नगरपरिषदेकडून घ्या. पुढे वाद निघाला तर काम कधी सुरू झालं याचा तोच पुरावा.

अर्ज फेटाळला तर नवा प्रस्ताव देता येतो, कलम ४८ त्याला आडवं येत नाही. मात्र नव्या प्रस्तावाला त्या दिवशीचे नियम आणि विकास योजना लागते. प्लॉटसमोरचा रस्ता रुंद दाखवला असेल, तर तीन गुंठ्यांत समोरून जागा गेल्यावर जुना नकाशा बसेलच असं नाही. त्यामुळे तुमच्या प्लॉटचा भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तुमच्या जागेपुरता उतारा) आजच काढून पाहा.

आणि त्या सळया. तीन पावसाळे उघड्यावर गेले आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फुटिंग तोडायला लागलं तर ते दिवसही जूनच्या हिशेबात धरा.