शोजी: जाळी नव्हे, आणि तांदळाची तर नव्हेच

प्रश्न असा आहे: ‘घरसजावटीच्या एका लेखात “तांदळाच्या कागदाची शोजी जाळी” असं वाचलं. शोजी म्हणजे जाळी का? तिला मराठीत काय म्हणावं?’

शोजी म्हणजे जपानी घरातलं, लाकडी चौकटीवर कागद लावलेलं सरकतं दार किंवा आडभिंत. आधी तो तांदूळ निवडून बाजूला टाकू. ‘राईस पेपर’ हे इंग्रजीतलं जुनं अज्ञान आपण इमानेइतबारे मराठीत आणलं आहे, आणि आता फर्निचरच्या प्रत्येक जाहिरातीत ते दिसतं. शोजीचा पारंपरिक कागद म्हणजे वाशी, जपानी हातकागद. तो होतो मुख्यतः कोझो नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीपासून. 2014 साली युनेस्कोने ज्या तीन जपानी कागदांच्या कारागिरीला मान दिला, त्यांतला मिनोचा कागद शोजीसाठी नावाजलेला, आणि तिन्ही कागद कोझोचेच. तांदूळ असलाच तर चिकटवायच्या खळीत.

जाळीचं म्हणाल, तर ती शोजीचा एक भाग. बारीक लाकडी पट्ट्यांना खाचा पाडून त्या खिळ्याशिवाय एकमेकींत बसवतात, त्या कामाला आणि त्या पट्ट्यांनाही कुमिको म्हणतात. जाहिरातीत मिरवणारी आसानोहा, म्हणजे भांगेच्या पानाची नक्षी, ती बहुतेकदा दारावरच्या झरोक्यात, रान्मात, असायची. घरातल्या साध्या शोजीला सरळ चौकटी पुरतात. कागद लावतात बाहेरच्या अंगाने, त्यामुळे खोलीत बसलेल्याला लाकूड दिसतं.

आता खरी गंमत. शोजी हा शब्द दोन चिनी अक्षरांचा. पहिल्याचा अर्थ अडवणं, आड येणं. यंत्र बिघडलं की जपानीत ‘कोशो’ म्हणतात, त्यातला ‘शो’ हाच. म्हणजे शोजी हा मुळात आडोसा, उजेडाशी त्याचं काही नातं नाही. पूर्वी खोलीतली कुठलीही आडभिंत शोजीच असायची, फुसुमा नावाचा जाड, अपारदर्शक सरकता पडदासुद्धा. हेइआन काळाच्या अखेरीस, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमारास, पातळ कागदाची, उजेड आत घेणारी ‘आकारी शोजी’ आली. आकारी म्हणजे उजेड. पुढे हिनेच सगळं नाव बळकावलं, ‘आकारी’ गळून पडलं, आणि आडोसा असं नाव असलेली वस्तू उजेडासाठी प्रसिद्ध झाली.

दुसरं अक्षर ‘जी’. सुटं लिहिलं तर त्याचा अर्थ मूल, म्हणून काही हौशी मंडळी शोजीचं भाषांतर ‘अडथळ्याचं बाळ’ असं करतात आणि त्यावर सौंदर्यशास्त्र रचतात. यांना कोश उघडायचा कंटाळा आहे. चिनी भाषेत हे अक्षर आधी लहानपण दाखवायचं, मग झिजून नुसता वस्तुवाचक प्रत्यय झालं. खुर्ची म्हणजे ‘इसु’, पंखा म्हणजे ‘सेन्सु’, टोपी म्हणजे ‘बोशी’, गजांची जाळी म्हणजे ‘कोशी’: या सगळ्यांच्या शेपटीला तेच अक्षर, उच्चार तेवढा निराळा. कुमिकोतला ‘को’ही तोच, फक्त अस्सल जपानी उच्चाराचा. आपल्याकडे बघा ना. गाड्याची धाकटी ती गाडी. पण आगगाडीला कोणी ‘छोटा गाडा’ म्हणतं का? दोर-दोरी, खुंटा-खुंटी यांत धाकटेपणा अजून जाणवतो, गाडीत तो मेला. माझं तर मत आहे की मराठी माणसाला हा ‘जी’ कोणत्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा लवकर कळावा.

फुसुमाबद्दलही वाद आहे. फुसुमा म्हणजे पांघरूणही. तेव्हा वर चढवलेलं कापड गोधडीसारखं दिसायचं म्हणून हे नाव, असं एक मत. दुसरं मत, निजायच्या खोलीतला आडोसा म्हणून. मी दुसऱ्या बाजूचा. आडोशाला नाव पडतं ते तो कुणाला झाकतो यावरून. गोधडीवाल्यांनी यावर जरा झोपून विचार करावा.

आणि आपल्या ‘भिंतीला कान असतात’ला जपानीत जोड आहे: भिंतीला कान, शोजीला डोळे. ओलं बोट टेकवलं की भोक, त्याला डोळा लावला की झालं. मग त्या भोकावर फुलाच्या आकाराचं ठिगळ लावायचं आणि वर्षअखेरीला चौकट ओली करून सगळा कागद सोलून नवा चढवायचा.

हां, मराठी शब्द. शोजीच म्हणा. ईकारान्त आहे, तेव्हा ‘ती शोजी’, आणि चार असतील तर ‘शोज्या’ म्हणायला माझी हरकत नाही. नुसती लाकडी नक्षी भिंतीवर टांगली असेल तर ती जाळी. कागद नाही, सरकत नाही, त्याला शोजी म्हणून जास्त पैसे मोजू नका.