वाचकांचे प्रश्न : दा नांगचे लष्करी संग्रहालय पाहावे का?

प्रश्न : मी आयुध निर्माणीतून निवृत्त झालो असून वरणगावला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी, जावई आणि अकरा वर्षांचा नातू यांच्यासह आम्ही उभयता व्हिएतनाममधील दा नांग येथे जाण्याच्या विचारात आहोत. तेथे त्यांच्या सैन्याच्या पाचव्या विभागाचे संग्रहालय आहे असे समजले. घरच्या मंडळींचा ओढा समुद्रकिनाऱ्याकडे आहे. संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढावा का, तेथे आम्हाला काय उमगेल आणि नातवाला बरोबर न्यावे का, याविषयी मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, वरणगाव

उत्तर : अर्धा दिवस अवश्य काढावा. हनोई आणि हो चि मिन्ह शहरातील मोठ्या संग्रहालयांत संपूर्ण देशाची कहाणी सांगितलेली असते. विभागाच्या संग्रहालयात मात्र त्या मुलखाने काय सोसले आणि तो कसा लढला, हे पाहायला मिळते. पाचव्या विभागाचे मुख्यालय दा नांगमध्येच आहे आणि मध्य-दक्षिण किनारपट्टी व तिच्या पश्चिमेचा डोंगराळ पठारी प्रदेश त्याच्या अखत्यारीत येतो. अमेरिकी मरीन सैनिकांची पहिली लढाऊ तुकडी ८ मार्च १९६५ रोजी दा नांगच्याच किनाऱ्यावर उतरली आणि २९ मार्च १९७५ रोजी हे शहर अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती आले. मधल्या दहा वर्षांत या पट्ट्याने जे भोगले, ते समजल्यावर मंडळींना तो समुद्रकिनाराही वेगळा दिसेल.

आवारात विमाने, रणगाडे आणि तोफा उघड्यावर मांडलेल्या आहेत. नातू तेथे रमेल आणि आपलेही पाय तेथेच थबकतील. तरीही आमचा आग्रह असा की, त्यांच्यापुढे छायाचित्रे काढण्यात सगळा वेळ घालवू नये आणि आतल्या दालनांसाठी अधिक वेळ राखून ठेवावा. आपले आयुष्य ज्या कामात गेले, त्यामुळे इतरांच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतील. तोफगोळ्याचे रिकामे पितळी कवच दिसले तर त्याच्या बुडाकडे पाहावे. तेथे ठोकलेले ठसे, म्हणजे व्यास, लॉट (उत्पादनाचा गट) आणि वर्ष, आपण सहज वाचू शकाल आणि तो गोळा कोठून आला असेल याचा अंदाज नातवाला सांगू शकाल. पाडलेल्या विमानांच्या ॲल्युमिनियमपासून सैनिकांनी फुरसतीत तयार केलेले कंगवे व्हिएतनामच्या युद्धसंग्रहालयांत ठिकठिकाणी आढळतात. कानशीने दाते पाडलेला असा एखादा कंगवा दिसला तर तेथे थोडे थांबावे. हाताने काम केलेल्या माणसाला त्यातले कष्ट आणि निगुती लगेच कळते.

खानदेशातील माणसाने विशेष लक्ष द्यावे ते डोंगराळ पठारावरील आदिवासींच्या लढ्याकडे. तेथील बाह्नार समाजातील दिन्ह नुप यांचे नाव व्हिएतनाममध्ये सर्वतोमुखी आहे. तेव्हा तेथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांच्या अंगातून रक्त निघत नाही, त्यांना मारता येत नाही, अशी गावकऱ्यांची समजूत होती. नुप यांनी लपून एका फ्रेंचावर बाण सोडला, रक्त वाहिलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मग गाव लढायला उभे राहिले, अशी हकिगत तेथे सांगतात. तीरकामठा घेऊन इंग्रजांच्या बंदुकांपुढे उभ्या राहिलेल्या खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्ल साथीदारांची आठवण आपल्या वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही. या भिल्लांची इंग्रजांशी झालेली सातपुड्यातील आंबापाणीची लढाई १८५८च्या एप्रिलमधली आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमाराने दा नांगवर पहिला हल्ला केला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले तर आशियात त्या काळी काय चालले होते, याचे भान नातवाला शाळेच्या पुस्तकापेक्षा अधिक चांगले येईल.

एक गोष्ट मात्र जाण्यापूर्वीच मनाशी पक्की असू द्यावी. हे संग्रहालय जिंकलेल्या सैन्याने उभारलेले आहे. अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या सरकारच्या बाजूने लढलेले सैनिकही व्हिएतनामीच होते, त्यांच्याही घरांत आकांत झाला आणि दा नांग पडण्याआधीच्या दिवसांत हजारो कुटुंबे मिळेल त्या विमानाने आणि जहाजाने पळत होती. त्यांची बाजू येथे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. व्हिएतनाम सरकारने १९९५मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्यांच्या बाजूचे सुमारे ११ लाख लढवय्ये मारले गेले आणि देशभरातील सुमारे २० लाख नागरिक मृत्युमुखी पडले. मृत अमेरिकी सैनिकांची संख्या ५८ हजारांहून अधिक आहे. एवढ्या मृत्यूंची कथा एकाच बाजूने ऐकून परतणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे वाचन करून जावे, अशी कळकळीची विनंती आहे.

नातवाला जरूर न्यावे, परंतु प्रत्येक दालनात आपण आधी डोकावून मगच त्याला बोलवावे. माय लाई हे गाव याच विभागातले. तेथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांचे हत्याकांड केले आणि तेथील स्मारकावर मृतांची संख्या ५०४ नोंदलेली आहे. अशा घटनांची छायाचित्रे मुलाच्या मनात घर करून राहतात. एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाची माहिती मात्र त्याला अवश्य द्यावी, कारण तिचा पुरावा विमानतळावरच आहे. अमेरिकी हवाईदल या तणनाशकाचा साठा दा नांगच्या तळावर ठेवत असे आणि त्यातील डायऑक्सिन हे विष जमिनीत मुरले होते. पुढे दोन्ही देशांनी मिळून २०१२ ते २०१८ या काळात तेथील माती प्रचंड बंदिस्त ढिगाऱ्यात भरून ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि विष नष्ट केले. आपले विमान त्याच विमानतळावर उतरणार आहे.

आता व्यवहाराचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दा नांगच्या मुसळधार पावसाचे महिने असून त्या काळात पूरही येतात. तिकिटे काढली नसतील तर फेब्रुवारी-मार्चचा विचार करावा. तेथील संग्रहालये दुपारी जेवणाच्या वेळेला बंद ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचावे आणि सुट्टीचा वार हॉटेलात विचारून घ्यावा. फलकांवरील व्हिएतनामी मजकुरासाठी मोबाइलमधील भाषांतराची सोय आधीच उतरवून ठेवावी. लगतच व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो चि मिन्ह यांच्या स्मृतीचे दालन आणि हनोईतील त्यांच्या लाकडी खांबांवरील घराची प्रतिकृती आहे. तेथे टोपी काढावी आणि आवाज खाली ठेवावा.

प्रश्न : व्हिएतनामच्या त्या इतिहासात भारताचा काही भाग होता का? विद्यार्थ्यांना सांगायचे आहे.
– एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : होता, आणि तो आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही, याची खंत वाटते. फ्रेंचांशी चाललेले युद्ध संपवणाऱ्या जुलै १९५४च्या जिनिव्हा करारानुसार १७व्या अक्षांशावर देशाचे तात्पुरते दोन भाग झाले आणि कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य होते. दोन्ही भाग एकत्र आणण्यासाठी १९५६मध्ये व्हायच्या निवडणुका झाल्याच नाहीत आणि युद्ध पेटले तेव्हा आयोगाच्या हाती ते थांबवण्याचे कोणतेही बळ नव्हते.

विद्यार्थ्यांना आणखी एक उदाहरण देता येईल. दा नांगपासून सुमारे ७० किलोमीटरवर मी सन येथे, या भागात पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरे आहेत. १९६९मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यांत त्यांतील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. अलीकडच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथील काही मंदिरसमूहांच्या जतनाचे काम केले आणि त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातील एकसंध दगडाचे शिवलिंग सापडले. वरील प्रश्नातील वरणगावच्या वाचकांनीही पावसाने उघडीप दिल्यास एक दिवस तेथे जाऊन यावे.