खपत नव्हे, खप!

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न: 'प्राथमिक ऊर्जेची खपत' लिहावं की 'वापर'? आणि यातलं 'प्राथमिक' म्हणजे काय?

'खपत' आधी खोडा. ती हिंदीची. मराठीत 'खप' आहे, तोही पुल्लिंगी. 'प्राथमिक' म्हणजे निसर्गातून मिळाली तशी, रूपांतराआधीची: कोळसा, कच्चं तेल, वारा, ऊन. पुढे चला.

गंमत 'खप'मध्ये आहे. माझ्या मते मूळ संस्कृत 'क्षप्', म्हणजे नाहीसं करणं. म्हणूनच दुकानात माल खपतो, लढाईत माणसं खपतात, लग्नघरात बायका दिवसभर खपतात. तिन्हीकडे काहीतरी संपतं. 'उपभोग' हाच शुद्ध शब्द म्हणणाऱ्या पंडितांनी एवढंच सांगावं, की धुराड्यातून गेलेली उष्णता कोणी भोगली?

एकलहऱ्याकडे बघा. तिथल्यासारख्या औष्णिक केंद्रात विजेच्या एका युनिटमागे (म्हणजे किलोवॅट-तासामागे) साधारण 2500 किलोकॅलरीचा कोळसा जळतो असं धरू. युनिटात असतात 860. उरलेल्या 1640 धुरात आणि थंड करायच्या पाण्यात जातात. खप 2500 चा, वापर 860 चा! 20 लिटरची बादली 25 वरून 45 अंशांवर न्यायला 400 किलोकॅलरी लागतात. विजेच्या हीटरवर तापवली तर केंद्रात 1160 खपतात, म्हणजे किलोला 4000 किलोकॅलरी देणारा जवळपास 290 ग्रॅम कोळसा. तारांमधली गळती वेगळीच. 80 टक्के कार्यक्षम गॅस गिझरला 500 पुरतात, म्हणजे सुमारे 45 ग्रॅम गॅस.

घोळ होतो तो ऊर्जेच्या आकडेवारीचे तक्ते ताडून बघताना. सौर पॅनेलच्या युनिटाआधी काही जळतच नाही. मग त्याचा खप किती? एक पद्धत सरळ 860 धरते. दुसरी म्हणते, तेवढ्या विजेला कोळसा किती लागला असता ते मोजा, की झाले 2500. तेच पॅनेल, तेच ऊन, आकडा तिप्पट! पहिल्या पद्धतीत अणुवीज मात्र अणुभट्टीतल्या उष्णतेवरून मोजतात, कार्यक्षमता 33 टक्के धरून. म्हणजे युनिटामागे सुमारे 2600. त्यामुळे जलविद्युत आणि अणुवीज सारखीच निघाली, तरी तक्त्यात अणूचा वाटा तिप्पट दिसतो. तळटीप न वाचता दोन तक्ते शेजारी ठेवणारे इथेच फसतात.

आणि 'दिवसभरात 500 मेगावॅट वीज खपली' हे तर मुळीच लिहू नका. मेगावॅट हा वेग आहे. खपतात ती युनिटं.